अंगणातल्या राखणदाराचा खाऊ



आगमनकाळाचा पहिला रविवार उलटला की आपल्या घराघरांतून कुसवाराची तयारी सुरू होते. नारळ फोडले जातात, रवा चाळला जातो, कुलकुलांसाठी मुले काटे आणि फण्या शोधू लागतात. ह्या सगळ्या गडबडीत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी नाक टेकून एक प्राणी बसलेला असतो. त्याला आत येण्याची मुभा नसते आणि बाहेर जाण्याची इच्छा नसते. आजचे हे सदर त्याच्यासाठी आहे.

निमित्त झाले खानापूर तालुक्यातील एका भगिनीच्या पत्राचे. त्या लिहितात, ‘माझा मुलगा शहरात नोकरीस आहे. येताना तो कुत्र्यासाठी बिस्किटांचे पाकीट घेऊन येतो. पाकिटावर परदेशी जातीच्या सोनेरी केसांच्या कुत्र्याचे चित्र असते. आमचा काळू मात्र गावठी. त्या बिस्किटांची त्याला अशी चटक लागली आहे की भाकरी पुढे टाकली तर तो माझ्या तोंडाकडे पाहत राहतो. पाकिटाची किंमत मी मुद्दाम विचारली आणि मला धक्काच बसला. असा काही पौष्टिक खाऊ घरच्या घरी करता येईल काय?’

करता येईल, आणि सोपा आहे. कृती पुढे देतच आहे. परंतु त्याआधी दुसऱ्या एका आक्षेपाला उत्तर देणे भाग आहे. मी ह्या विषयावर लिहिणार हे कळताच आमच्या गावातील एका वडीलधाऱ्या सद्गृहस्थांनी रविवारच्या मिस्सानंतर देवळाच्या पायरीवरच मला थांबविले. ‘बाई, माणसांना पुरेना, आणि तुम्ही कुत्र्यांच्या पक्वान्नांवर लिहिणार काय?’ असे ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, पण थट्टाही नव्हती.

त्यांचे म्हणणे अर्धे खरे आहे, असे मी प्रामाणिकपणे सांगते. 1992 साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात प्राण्यांविषयी दोन-तीनच परिच्छेद आहेत. प्राणी ही परमेश्वराची निर्मिती आहे, आपण त्यांच्याशी दयेने वागले पाहिजे आणि त्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही, असे तेथे सांगितले आहे. पण त्याच ठिकाणी, माणसांचे दुःख दूर करण्यासाठी जो पैसा जावयास हवा तो प्राण्यांवर उधळू नये, अशीही ताकीद दिली आहे. ह्या दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी लिहिल्या आहेत, हे मला फार महत्त्वाचे वाटते. तेव्हा परदेशी चित्राचे पाकीट परवडत असले तरी ते घेण्यापूर्वी विचार करावा, हे त्या सद्गृहस्थांचे मत मला मान्य आहे. त्या एका पाकिटाच्या किमतीत किलोभर नाचणी खुशाल येते. उरलेला पैसा सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या पेटीत टाकावा.

मात्र त्यांच्याच रताळ्यांच्या शेतात रात्री रानडुकरे शिरतात तेव्हा सर्वांआधी कोण भुंकते, हे मी त्यांना विचारले. त्यावर ते हसले. तोबियास राफाएल देवदूताबरोबर लांबच्या प्रवासास निघाला तेव्हा त्याचा कुत्राही सोबत चालत गेला, ही गोष्ट आपल्या बायबलमध्ये तोबितच्या पुस्तकात आहे. प्लेगने आजारी पडून रानात एकटे राहिलेल्या संत रॉक ह्यांना एक कुत्रा रोज भाकर आणून देत असे, अशी परंपरागत कथा आहे. 16 ऑगस्टला त्यांचा सण येतो, आणि त्यांच्या मूर्तीच्या पायाशी तोंडात भाकरीचा तुकडा घेतलेला तो कुत्रा आपण सर्वांनी पाहिलेला आहे. तेथे कुत्रा माणसाला खाऊ घालतो. उलट बाजूने आपण काय खाऊ घालतो, एवढाच आजचा प्रश्न आहे.

खरे सांगावयाचे तर हा विषय मी हाती घेतला तो पत्रामुळे, त्याहूनही अधिक माझ्या स्वतःच्या एका चुकीमुळे. ती सांगावी की न सांगावी ह्याचा मी पुष्कळ विचार केला. नाताळ तोंडावर आहे म्हणून सांगते.

तीन वर्षांमागील गोष्ट. 23 डिसेंबरची संध्याकाळ होती. केकसाठी आणलेले तासगावचे बेदाणे निवडून मी ताटात पसरले होते. माझा नातू तेव्हा सात वर्षांचा होता. दाराशी आमचा टॉमी बसला होता; पाच वर्षांचा, तांबूस रंगाचा, बारा-एक किलो वजनाचा. नातवाने विचारले, ‘आजी, टॉमीला थोडे देऊ?’ मी चुलीकडे तोंड करूनच म्हटले, ‘दे की बाळा, त्याचाही नाताळ आहे.’ पोराने दोन्ही मुठी भरून दिले. टॉमीने एक दाणाही खाली ठेवला नाही.

रात्री त्याला दोनदा उलटी झाली. सणाच्या दिवसांत कुत्र्याचे पोट बिघडतेच, असे आम्ही म्हटले. नाताळच्या दिवशी तो अंगणात मुलांनी मांडलेल्या गव्हाणीजवळच्या पेंढ्यावर निपचित पडून राहिला. येणारी-जाणारी माणसे कौतुकाने म्हणत, ‘पाहा, ह्याच्यामुळे देखावा अगदी खरा वाटतो!’ आम्हीही हसत होतो. 26 तारखेस तो पाण्यालाही तोंड लावीना आणि त्याने लघवी केली नसल्याचे माझ्या सुनेच्या ध्यानात आले. तेव्हा त्याला रिक्षात घालून तालुक्याच्या गावी गुरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी रक्त तपासले आणि पहिलाच प्रश्न विचारला, ‘ह्याने द्राक्षे किंवा बेदाणे खाल्ले होते काय?’ द्राक्षाने कुत्र्याचे मूत्रपिंड निकामी होऊ शकते, हे मी साठ वर्षांच्या आयुष्यात त्या दिवशी प्रथम ऐकले. सलाईन लावले, औषधे दिली, पण फार उशीर झाला होता. 28 तारखेस, निष्पाप बालकांच्या सणाच्या दिवशी पहाटे तो गेला.

नातवाला मी सांगितले की टॉमी म्हातारा झाला होता. पाच वर्षांचा कुत्रा म्हातारा नसतो. ही लबाडी मी पापनिवेदनात सांगितली खरी, परंतु नातवाला खरे सांगावयास पुढचा नाताळ उजाडावा लागला. घरात नवे पिलू आले होते आणि पोरगा पुन्हा बेदाण्यांच्या ताटाकडे पाहत होता. तेव्हा गप्प राहणे शक्यच नव्हते. सर्व ऐकून तो म्हणाला, ‘म्हणजे मी दिले म्हणून?’ मी म्हटले, ‘नाही बाळा. मी दे म्हटले म्हणून.’ तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने धर्मग्रामाचे जुने कॅलेंडर उलटे केले आणि पेन्सिल घेऊन बसला. ‘काय द्यावयाचे नाही ते सांग,’ म्हणाला. ते कॅलेंडर आजही आमच्या फडताळाच्या दारावर चिकटविलेले आहे. पुढील मजकूर बहुतेक त्यावरूनच घेतला आहे.

सर्वांत वर द्राक्षे, मनुका आणि बेदाणे. म्हणजेच केक, पुडिंग, बेदाणे घातलेल्या नेवऱ्या आणि पुलावातले दाणेदेखील. एखादा कुत्रा मूठभर खाऊनही ठणठणीत राहतो आणि दुसऱ्याला थोडक्यानेच बाधते. अमुक इतके चालेल असे सुरक्षित प्रमाण ठरविता येत नाही, म्हणून एकही देऊ नये. हे असे का होते ह्याचा उलगडा पुष्कळ वर्षे झाला नव्हता. 2021 साली अमेरिकेतील पशुवैद्यांनी द्राक्षांतील टार्टारिक आम्लाकडे बोट दाखविले. त्यानंतर चिंच खाऊन कुत्र्यांची मूत्रपिंडे बिघडल्याचीही नोंद त्यांनी केली, कारण चिंचेत हेच आम्ल भरपूर असते. तेव्हा चिंचेचा कोळ घातलेली कढी, आमटी आणि माशांचे सार हेही कुत्र्याच्या थाळीत ओतू नये. आमच्याकडे उरलेले सार कुत्र्याचे, असा जणू नियमच होता.

दुसरा कांदा, आणि त्याचा भाऊ लसूण. हे दोन्ही कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. शिजविल्याने, तळल्याने किंवा वाळवून पूड केल्याने हा दोष जात नाही. दर किलो वजनास पंधरा ते तीस ग्रॅम कांदा पोटात गेला की रक्तावर परिणाम दिसू लागतो. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला दीडशे ग्रॅमचा एक मोठा कांदा पुरे. लसूण तर त्याहून कमी लागते. थोडाथोडा रोज गेला तरी अपाय साठत जातो. त्याचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही, काही दिवसांनी कुत्रा मलूल होतो, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी काळसर होते. आपल्या सोरपोतेलात आणि कोंबडीच्या रश्श्यात किती कांदा जातो, हे तुम्हाला मी सांगावयास नको.

आता कोणी म्हणेल की आमच्या आजोबांच्या काळापासून कुत्री उष्ट्यावरच जगली. जगली, हे खरे आहे. आणि किती कशाने मेली हे कोणी लिहून ठेवले नाही, हेही खरे आहे. पण मला उगीच भीती घालावयाची नाही. एकच सवय लावून घ्या, म्हणजे निम्मे काम झाले. फोडणी घालण्यापूर्वी त्याचा वाटा वेगळा काढा. शिजलेला भात, भाकरी, उकडलेला भोपळा, बिनहाडाचे उकडलेले मांस किंवा काटे काढलेला मासा, हे सर्व मीठ-मसाला पडण्याआधी एका वाडग्यात काढून ठेवले की त्याचे जेवण तयार. ह्याला वेगळी चूल लागत नाही.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगते. चॉकलेट मुळीच नको; जितके काळे तितके वाईट. ‘बिनसाखरेच्या’ गोळ्या, च्युइंगगम व तत्सम पदार्थांत साखरेऐवजी घातलेले झायलिटॉल नावाचे द्रव्य कुत्र्याची रक्तशर्करा एकाएकी उतरविते आणि यकृतही बिघडविते. सान्नांचे किंवा पावाचे आंबविलेले कच्चे पीठ पोटात फुगते आणि त्याचे मद्य होते, म्हणून पिठाचे पातेले झाकून उंचावर ठेवा. जायफळ अधिक प्रमाणात विषारी आहे. शिजविलेली हाडे फुटून सुईसारखी होतात व घशात अगर आतड्यात रुततात. सणाच्या दिवशी पाहुणे प्रेमाने हाडे टाकतात, त्यांना नम्रपणे थांबवावे. चरबीचे वाटेही असेच. एकदम पुष्कळ चरबी खाल्ल्याने कुत्र्याच्या स्वादुपिंडाला सूज येते व ते दुखणे जीवघेणे ठरू शकते. आणि बुरशी आलेला शेंगदाणा किंवा मका माणसांनी खाऊ नये तसाच कुत्र्यालाही देऊ नये. त्या बुरशीच्या विषाने कुत्र्याचे यकृत लवकर खराब होते.

ह्यांपैकी काही त्याने खाल्लेच, तर उलटीची वाट पाहत बसू नये. मीठ पाजणे, तेल पाजणे असले घरगुती उपाय करू नयेत. किती वाजता, काय आणि अंदाजे किती खाल्ले हे कागदावर लिहून तडक गुरांच्या डॉक्टरांकडे न्यावे. पहिल्या काही तासांत नेले तर पुष्कळ करता येते. आम्ही तिसऱ्या दिवशी नेला होता.

आता खाऊकडे वळू. खाऊ म्हणजे जेवण नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. कुत्र्याच्या दिवसभराच्या अन्नाच्या दहाव्या हिश्श्याहून अधिक खाऊ असू नये, असे पशुवैद्य सांगतात. दहा किलोच्या सर्वसाधारण कुत्र्याला दिवसास सुमारे सहाशे ते साडेसहाशे कॅलरी लागतात, म्हणजे खाऊचा वाटा साठ कॅलरींचा झाला. चहाबरोबर आपण खातो त्या लहान ग्लुकोज बिस्किटात वीसेक कॅलरी असतात. तीन बिस्किटे झाली की त्याचा दिवसाचा खाऊ संपला. घरातील पाच माणसांनी एकेक बिस्कीट टाकले तर काय होते ते पाहा! शिवाय त्यांत साखर आणि मैदा. काळू भाकरीकडे पाहत नाही ह्याचे कारणही बहुधा हेच असावे, की त्याचे पोट खाऊनेच भरते. पत्र पाठविणाऱ्या भगिनीने आठ दिवस पाकीट फडताळात ठेवून पाहावे. भुकेला कुत्रा भाकरी खातो. मात्र निरोगी कुत्रा दोन दिवस काहीच खाईना, तर हट्ट समजू नये, दवाखान्यात न्यावे.

आमच्या घरी जी बिस्किटे होतात ती नाचणीची. नाचणीत शंभर ग्रॅमला तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते, आणि आपल्या ह्या डोंगरपट्टीत ती घरोघर असते. पण नुसत्या नाचणीला चिकटपणा नसल्याने बिस्कीट भुगा होते. म्हणून गव्हाचे पीठ मिसळावे लागते.

साहित्य असे : नाचणीचे पीठ दोन वाट्या (सुमारे 200 ग्रॅम), गव्हाचे जाडसर पीठ एक वाटी, उकडून कुस्करलेला तांबडा भोपळा एक वाटी, एक अंडे, आणि भाजून सोललेल्या ताज्या शेंगदाण्यांचे कूट दोन मोठे चमचे. मीठ नाही, गूळ नाही, सोडा नाही. दुधाची पूडही घालू नये, कारण पुष्कळ मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही.

भोपळा पूर्ण निवू द्यावा. मग अंडे फेटून त्यात मिसळावे, पिठे व कूट घालावे आणि घट्ट मळावे. भोपळ्याला पाणी कमी-जास्त सुटते. पीठ कोरडे वाटले तरच चमचाभर पाणी लावावे, सैल वाटले तर मूठभर गव्हाचे पीठ वाढवावे. चपातीपेक्षा बरेच जाड, म्हणजे पाव इंचाचे लाटून शंकरपाळ्यांसारखे कापावे. एवढ्या पिठाचे साधारण ऐंशी तुकडे होतात. ओव्हन असेल तर 170 अंशांवर अर्धा तास भाजून, आच बंद करून आतच निवू द्यावेत. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात वाळू पसरून, वर तिवई व तिच्यावर ताटली ठेवून, झाकण लावून मंद आचेवर भाजावे. नानकटाई आपण अशीच करीत होतो. गोव्याकडील वाचकांच्या वाड्यावर पदेराची भट्टी असेल तर पाव निघाल्यावर उरलेल्या धगीवर ताट सरकविले की काम होते. तुकडा मोडल्यावर कडकन आवाज आला पाहिजे. मऊ राहिला तर दोन दिवसांत बुरशी धरतो. चांगला वाळलेला खाऊ घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे टिकतो. पावसाळ्यात मी एका आठवड्यापुरताच करते.

वरील हिशेबाने एका तुकड्यात पंधरा कॅलरी येतात, तेव्हा दहा किलोच्या कुत्र्यास दिवसाला चार तुकडे. नातवाने पहिल्या खेपेस एक स्वतः खाऊन पाहिला आणि ‘ह्याला काही चवच नाही’ असा शेरा दिला. कुत्र्याचे मत निराळे पडले.

बेळगावकडच्या आपल्या वाचकांना रताळ्यांची वाण नाही. बाजारात बारीक, वाकडी म्हणून जी बाजूला पडतात ती ह्या कामास उत्तम. सालीसकट स्वच्छ धुऊन, करंगळीच्या निम्म्या जाडीच्या लांब फोडी कराव्यात, पाच मिनिटे वाफवाव्यात आणि कडक उन्हात पातळ फडक्याखाली दोन-तीन दिवस वाळवाव्यात. चिवट झाल्या की झाल्या. कुत्रा त्या बराच वेळ चघळत बसतो आणि चपला वाचतात! म्हाताऱ्या किंवा दात पडलेल्या कुत्र्यासाठी कोमट पाण्यात भिजवून द्याव्यात, आणि अधाशी कुत्रा असेल तर जवळ उभे राहावे, नाही तर सबंध फोड गिळून ठसका लागतो. रताळे गोड असते, म्हणून दिवसास एक फोड पुरे.

तिसरा प्रकार खास प्रसंगाचा. कोंबडीचे काळीज पाण्यात पूर्ण शिजवून, नखाएवढे तुकडे करून तव्यावर मंद आचेवर कोरडे करावेत. ह्याच्या वासाने कुत्रा काहीही करावयास तयार होतो. परंतु काळजात अ जीवनसत्त्व फार असते व ते अंगात साठते, म्हणून हे रोज देऊ नये. आठवड्यात एखाद्या दिवशी चार-सहा तुकडे द्यावेत. फ्रीजमध्ये तीन दिवसांहून अधिक ठेवू नये.

हे तुकडे मी मुख्यतः एका दिवसासाठी राखते, तो म्हणजे लस टोचण्याचा दिवस. आमच्या गावात कुत्र्यांना पिसाळण्याची लस टोचून घेत नाहीत ह्याचे खरे कारण खर्च नव्हे. कुत्रा हाती लागत नाही, हे आहे. वर्षभर ज्याला कोणी हाक मारून जवळ घेतले नाही तो कुत्रा त्या दिवशी दोरी पाहून शेतात पळतो आणि माणसे म्हणतात, जाऊ द्या. रोज संध्याकाळी जपमाळेच्या प्रार्थनेआधी त्याला नावाने हाक मारावी, जवळ आल्यावर एक नाचणीचा तुकडा द्यावा आणि गळ्याला हात लावावा. एवढे महिनाभर केले की लसीच्या दिवशी तो आपण होऊन येतो. पिलाला तीन महिन्यांचे झाल्यावर पहिली लस द्यावी आणि पुढे डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी. घरोघर व रस्तोरस्ती कुत्र्यांना लस टोचण्याचे काम नेटाने केल्यामुळे 2021 साली गोवा हे रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकले. आपल्या तालुक्यांतही हे होण्यासारखे आहे.

खाऊ मुलांनी दिला तर उत्तम, पण मोठ्यांच्या देखत. तळहात सपाट ठेवून द्यावयास शिकवावे, बोटांच्या चिमटीत धरून नव्हे. कुत्रा जेवत असताना किंवा पिलांजवळ असताना मुलांनी त्याला हात लावू नये. आणि चावलाच, घरचा असो वा परका, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी इस्पितळात जावे. हळद, चुना, मिरची काही लावू नये.

पत्र पाठविणाऱ्या भगिनीने शेवटी विचारले आहे की शेजारच्या कुत्रीला नुकतीच पिले झाली आहेत, त्यांना हा खाऊ चालेल काय. दूध सुटेपर्यंत काही देऊ नये. पिलांच्या आईला मात्र रोज एक उकडलेले अंडे आणि नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक जेवण द्यावे. ती आता अनेक तोंडांसाठी खात आहे. पिले दोन-तीन महिन्यांची झाली की नाचणीच्या बिस्किटाचा पाव तुकडा पाण्यात भिजवून सुरुवात करावी.

कॅलेंडरच्या मागील यादीत यंदा नातवाने स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढविली आहे : ‘केक करताना दार लावणे.’ ते मी रोज वाचते आणि दार लावते. पुढील आठवड्यात कुलकुलांचे पीठ तळताना फुटते ते का, ह्याविषयी तीन भगिनींची पत्रे आली आहेत, त्यांना उत्तर देईन.